पत्रा कापण्यापूर्वी

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी आणि चाळी-वस्त्यांमध्ये छपरांची कामे निघतात. तडा गेलेला सिमेंटचा पत्रा उतरवायचा, नवा मापाने कापायचा आणि हुकासाठी भोके पाडायची, एवढेच ते काम. पण कारागीर ग्राइंडर चालू करतो तेव्हा पात्याखालून पांढरट धुरळ्याचा लोट उठतो, त्याच्या भुवयांवर आणि नाकाला बांधलेल्या रुमालावर बसतो, आणि काम संपल्यावर तोच रुमाल झटकून तो घाम पुसतो. या धुरळ्यात मुख्यतः सिमेंट असते. मात्र नेहमीच्या पत्र्यात वजनाने साधारण आठ ते दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते, आणि खरा धोका त्याचाच आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून तंतुमय रूपात सापडणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांना मिळून दिलेले नाव आहे. त्यांपैकी पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे क्रिसोटाइल आज सर्वाधिक वापरले जाते. निळे आणि तपकिरी हे प्रकार अधिक घातक मानले जातात. हा पदार्थ जळत नाही, कुजत नाही, शिवाय स्वस्त आहे, म्हणून तो पत्र्यांत, पाण्याच्या नळांत, ब्रेक लायनरमध्ये आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील तारेच्या जाळीवरच्या पांढऱ्या गोलातही जाऊन बसला. भारताने १९८६ पासून त्याच्या खाणींना नवे परवाने देणे थांबवले, परंतु रशिया आणि इतर देशांतून होणारी आयात चालूच राहिली. जे खणणे अपायकारक ठरले, ते विकत घेणे मात्र चालते, हे तर्काला धरून नाही.

अ‍ॅस्बेस्टॉस विषासारखे रासायनिक रीतीने मारत नाही; ते आपल्या आकारामुळे मारते. त्याचा तुकडा मोडला की तो आडवा न तुटता उभा चिरत जातो आणि प्रत्येक चिरेतून आणखी बारीक तंतू निघतात. क्रिसोटाइलचा सुटा तंतू मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, काही शतांशांइतका बारीक असू शकतो, तर माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते. असे तंतू हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे धूळ गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी त्यांच्यावर धावून जातात खऱ्या, पण तंतू पेशीहून लांब असला तर तो पुरता गिळला जात नाही. त्याचे टोक बाहेर राहते, पेशी दाहकारक द्रव्ये सोडत मरते, आणि तिच्या जागी दुसरी येऊन तेच करते. हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

त्यातून फुप्फुसात व्रणाची ताठर ऊती वाढते आणि दम लागू लागतो. या रोगाला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ ही कामगार स्त्री १९२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली, आणि तिच्या फुप्फुसांच्या तपासणीवरून हा रोग वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातून मेसोथेलिओमाचे तेहतीस रुग्ण नोंदले गेले. हा फुप्फुसावरणाचा कर्करोग एरवी अत्यंत विरळ आहे, आणि त्या रुग्णांपैकी कित्येकांनी खाणीत कधी कामच केले नव्हते. ते केवळ त्या परिसरात राहत होते. संपर्क आणि हा कर्करोग यांच्यात वीस ते पन्नास वर्षे जातात. फुप्फुस, स्वरयंत्र आणि अंडाशय यांचे कर्करोगही अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतात. त्यात बिडी-सिगारेटची भर पडली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या नुसत्या बेरजेहून कितीतरी अधिक होतो.

मुंबईतील एका कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सर्वांनी वीस वर्षांहून अधिक काळ तेथे काम केले होते आणि त्यांपैकी २२ टक्क्यांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. असे रुग्ण जुनाट खोकल्याचे किंवा क्षयाचे म्हणून गणले जातात, हेही त्या अभ्यासकांनी नमूद केले. म्हणून निवृत्त कामगाराने डॉक्टरांना धाप कधीपासून लागते हे सांगताना आयुष्यभर कोणते काम केले, हेही आवर्जून सांगायला हवे. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत यातले काही कळत नाही. क्ष-किरण चित्र, सीटी स्कॅन आणि श्वासक्षमतेची चाचणी यांतून कळते, पण तेही इजा झाल्यानंतर.

घरावर सिमेंटचे पत्रे आहेत म्हणून लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. धड पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. पत्रा कापला, फोडला, घासला किंवा उन्हापावसाने त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला की ते सुटतात. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसते पाहून ठरवता येत नाही. पत्र्यावर ‘आयएस ४५९’ हा मानक क्रमांक छापलेला असेल तर प्रश्न मिटला, कारण ते अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचेच भारतीय मानक आहे. काडी लावून पाहण्यात अर्थ नाही. काचेचे तंतूही जळत नाहीत.

नमुना घ्यायचा झाल्यास पंखा बंद करून, पत्र्याची आधीच तुटलेली कड साबणाच्या पाण्याने भिजवून, पकडीने नाण्याएवढा तुकडा अलगद मोडावा. तो एकात एक अशा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करावा, उघडी पडलेली कड रंगाने झाकावी आणि खालची जागा ओल्या फडक्याने पुसून फडकेही पिशवीत बांधावे. झाडू मारू नये. तोंडाला रुमाल उपयोगाचा नाही, बारीक कण अडवणारा घट्ट बसणारा मास्कच हवा. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांची पात्रता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असावी, आणि ती मान्यता अ‍ॅस्बेस्टॉसच्या तपासणीसाठी आहे का, हे वेगळे विचारावे.

प्रयोगशाळेत तुकड्यातून चिमटीने काढलेले तंतू ठरावीक अपवर्तनांकाच्या, म्हणजे प्रकाश ठरावीक प्रमाणात वळवणाऱ्या, तेलात ठेवून ध्रुवित प्रकाशाच्या (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. योग्य तेल आणि विशिष्ट प्रकाशयोजना असली की क्रिसोटाइलचा कुरळा तंतू एका दिशेने किरमिजी-जांभळा आणि तबकडी फिरवताच निळा दिसतो. काचेच्या तंतूत दिशेनुसार असा बदल होत नाही. तंतू फार बारीक असले तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मदत घ्यावी लागते.

हवेची तपासणी निराळी असते. पंपाने ठरावीक हवा एका पातळ पटलातून ओढतात, ते पटल अ‍ॅसिटोनच्या वाफेने पारदर्शक करतात आणि पाच मायक्रॉनहून लांब तंतू मोजतात. मात्र या मोजणीत सुताचा किंवा काचेचा तंतूही धरला जातो, शिवाय ती त्या दिवसाच्या हवेपुरतीच खरी असते. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत क्रिसोटाइलसाठी एक मिलिलिटर हवेत एक तंतू ही मर्यादा होती. एका श्वासात सुमारे पाचशे मिलिलिटर हवा आत जाते, म्हणजे हिशेबाने पाचशे तंतू त्या नियमात बसत. अमेरिकेतील मर्यादा याच्या एक दशांश आहे.

अहवालात अ‍ॅस्बेस्टॉस निघाले आणि पत्रा धड असला, तर त्याला हात न लावता रंगाचा थर देणे बहुधा पुरते. पत्रा काढायचाच असेल तर आधी तो भिजवावा, अखंड उतरवावा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. त्याचे तुकडे रस्त्याचे खड्डे बुजवायला वापरू नयेत. हुक गंजून बसला असेल तर पत्र्याला धक्का न लावता हुकच कापावा. त्या दिवशीचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नयेत, कारण कामगारांचे धुळकट कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत.