नाईव्ह कला

नाईव्ह कला : कलाशाळेतील रीतसर शिक्षण न घेतलेल्या आणि बहुधा दुसऱ्याच व्यवसायावर उपजीविका करणाऱ्या चित्रकारांच्या निर्मितीला विसाव्या शतकात रूढ झालेली संज्ञा. ‘नाईव्ह’ हे विशेषण लॅटिन ‘नातिवुस’ (जन्मजात, नैसर्गिक) या शब्दापासून फ्रेंचमार्गे सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इंग्रजीत आले. बोलण्यात ते भोळ्या, अननुभवी, सहज फसणाऱ्या माणसाला लावतात. कलासमीक्षेत मात्र ते सहसा निंदाव्यंजक नसते. हा आदराचा अर्थ जर्मन कवी फ्रीड्रिख शिलरच्या १७९५-९६ मधील निबंधापर्यंत मागे नेण्याकडे कल दिसतो. निसर्गाशी एकरूप असलेल्या होमरसारख्या कवींना शिलरने हे विशेषण लावले व हरवलेल्या निसर्गाची ओढ लागलेल्या आधुनिक कवींहून त्यांना वेगळे काढले. तथापि त्याचे विवेचन प्रामुख्याने काव्याविषयी असल्यामुळे चित्रकलेतील संज्ञेशी त्याचा थेट संबंध जोडताना सावधगिरी बाळगणे इष्ट.

यथादर्शनाच्या (सपाट पृष्ठावर खोली व अंतर भासविण्याच्या) नियमांकडे दुर्लक्ष, जवळच्या व दूरच्या वस्तूंचे सारख्याच बारकाईने रेखाटन आणि सपाट, उजळ रंग ही या चित्रांची सर्वपरिचित लक्षणे होत.

प्रारंभाविषयी एकमत नाही. काही लेखक अमेरिकेतील फिरत्या व्यक्तिचित्रकारांपासून, तसेच गाड्या व पाट्या रंगविणाऱ्या एडवर्ड हिक्सपासून (१७८०–१८४९) सुरुवात मानतात. परंतु ही चित्रे स्वतंत्र वर्ग म्हणून पाहिली जाऊ लागली ती आंरी रूसोमुळे (१८४४–१९१०), हे मत अधिक ग्राह्य वाटते. रूसो १८७१ पासून १८९३ पर्यंत पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीस होता. त्याचे ‘दुआनिए’ (सीमाशुल्क अधिकारी) हे टोपणनाव त्यामुळे तितकेसे अचूक नाही. त्याचे काम शहरात येणाऱ्या मालावरील जकातीपुरते होते. परीक्षक मंडळ नसलेल्या ‘सालाँ दे आंदेपांदां’ या प्रदर्शनात तो १८८६ पासून चित्रे मांडू लागला. उष्ण कटिबंधातील वादळात सापडलेल्या वाघाचे त्याचे चित्र (१८९१) लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तरुणपणी फ्रेंच सैन्याबरोबर मेक्सिकोस गेला असता त्याने जंगले पाहिली, ही आख्यायिका कवी आपोलिनेरने पसरविली. रूसोने फ्रान्स सोडल्याचा पुरावा नाही. पॅरिसमधील वनस्पती उद्यान आणि सचित्र पुस्तके हेच त्याचे अरण्य होते. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचा परवाना त्याला १८८४ मध्ये मिळाला होता आणि जेरोमसारख्या अकादमिक चित्रकारांविषयी त्याला आदर होता. त्याला हवे होते ते त्यांच्यासारखेच सफाईदार वास्तवदर्शन. म्हणजे निरागसता हा त्याचा हेतू नव्हता. ती पाहणाऱ्यांना दिसली, आणि पाहणाऱ्यांत पिकासो होता. त्याने १९०८ मध्ये आपल्या चित्रशाळेत रूसोच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. तीत थट्टा किती आणि आदर किती, यावर अद्याप वाद आहे.

रूसोवरील पहिले स्वतंत्र पुस्तक लिहिणारा (१९११) जर्मन कलाव्यापारी व्हिल्हेल्म ऊडे याने पुढे असे इतर चित्रकार शोधले. त्यांपैकी सेराफीन लुई (१८६४–१९४२) ही सांलीस येथे त्याच्याच घरी साफसफाई करीत असे. ऊडेने १९२८ मध्ये पॅरिसमध्ये रूसो व सेराफीन यांच्यासह टपाल कर्मचारी व्हिव्हँ, सर्कशीतील मल्ल बोंब्वा व रोपवाटिकेचा मालक बोशां यांची चित्रे एकत्र मांडली. त्याने त्यांना ‘पवित्र हृदयाचे चित्रकार’ म्हटले. ते नाव टिकले नाही.

संज्ञेची खरी अडचण क्रोएशियातील ह्लेबिने गावात दिसते. तेथील इव्हान गेनेरालिच (१९१४–९२) व फ्रान्यो म्राझ या शेतकरी तरुणांना १९३० च्या सुमारास अकादमीत शिकलेल्या क्र्स्तो हेगेदुशिच या चित्रकाराने मार्गदर्शन केले आणि १९३१ मध्ये झाग्रेबच्या ‘झेम्ल्या’ (भूमी) गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली. काचेच्या मागील बाजूस रंगविण्याची पद्धत तेथे विशेष वाढीस लागली. तीत समोरून दिसणारे बारकावे प्रथम व पार्श्वभूमी शेवटी रंगवावी लागते, त्यामुळे चूक सुधारण्यास फारसा वाव राहत नाही. इतके शिकविलेले तंत्र ‘स्वयंभू’ कसे म्हणावे, हा आक्षेप रास्त आहे.

इतर उल्लेखनीय नावांत तिफ्लिसच्या (आजचे त्बिलिसी) मद्यगृहांसाठी मेणकापडावर चित्रे काढणारा जॉर्जियाचा निको पिरोस्मानी (१८६२–१९१८), कॉर्नवॉलमधील दर्यावर्दी ॲल्फ्रेड वॉलिस (१८५५–१९४२) आणि उतारवयात चित्रकलेकडे वळलेली अमेरिकन शेतकरी स्त्री ‘ग्रँडमा मोझेस’ (१८६०–१९६१) यांचा समावेश होतो. फ्रेंच चित्रकार झां द्युब्यूफेने १९४५ मध्ये योजलेली ‘आर ब्र्यूत’ (कच्ची कला) ही संज्ञा जवळची असली, तरी समानार्थी नव्हे.

वारली चित्रांना कधीकधी हेच विशेषण लावतात, ते योग्य नाही. लग्नाचा चौक (विवाहविधीसाठी भिंतीवर काढायचे चित्र) लिहिणाऱ्या सवाशिणींपाशी संकेतबद्ध सामूहिक परंपरा होती, आणि नाईव्ह चित्रकार अशा परंपरेबाहेर एकटा असतो. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी १९७० नंतरच्या दशकांत विधीपासून वेगळी करून कागदावर व कापडावर रंगविलेली चित्रे मात्र या सीमारेषेच्या जवळ येतात.