हौडेनोसौनी (इरोक्वॉय) लोकांचं ऋतुचक्र आणि सण

हौडेनोसौनी म्हणजे 'लांबघराचे लोक', उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी. मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा, सेनेका आणि 1722 च्या सुमारास सामील झालेले टस्करोरा असे सहा समाज, वस्ती मुख्यतः अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडात ऑन्टारिओ-क्वेबेककडे. यांच्या सणांना पक्की तारीख नसते, चंद्र, तारे आणि रानात-शेतात काय तयार झालंय ते बघून दिवस धरतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गनने 1851 मध्ये मेपल, पेरणी, स्ट्रॉबेरी, कोवळा मका, कापणी आणि नवीन वर्ष असे सहा सण दिले, तीच यादी अजून सगळीकडे फिरते, पण ती मुख्यतः सेनेकांची आहे. दर लांबघराचा (म्हणजे जिथे जमून सण करतात त्या घराचा) क्रम थोडा वेगळा असतो, काही ठिकाणी मेघगर्जनेचा आणि शेंगांचा विधी वेगळा करतात.

सगळ्यात मोठा सण भर हिवाळ्यातला, मिडविंटर. संध्याकाळी कृत्तिका डोक्यावर आल्या की त्यानंतरच्या नव्या चंद्रापासून पाच दिवस मोजतात, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारी. घरोघरी चुलीतली राख ढवळतात, आपली स्वप्नं इतरांना ओळखायला लावतात, नवीन बाळांची नावं जाहीर करतात. 1656 मध्ये ऑनंडागा गावात जेझुइट पाद्र्यांनी पाहिलेला स्वप्नांचा उत्सव हेच याचं जुनं रूप असावं, असं बरेच अभ्यासक मानतात आणि ते पटण्यासारखं आहे. पूर्वी यात पांढरा कुत्रा रक्त न सांडता मारून, रिबिनी बांधून अग्नीला देत. ही प्रथा किती जुनी यावर वाद आहे, आता ती बंद आहे.

उत्सवाच्या पुढच्या भागात चार पवित्र विधी येतात: मोठा पिसांचा नाच, आभाराचा नाच, वैयक्तिक गाणं आणि वाडग्याचा खेळ. 1799 मध्ये दृष्टांत झालेला सेनेका धर्मगुरू हँडसम लेक याने ते सुरू केले असं सांगतात, पण त्याने जुनेच विधी एकत्र आणून त्यांना महत्त्व दिलं हे मत जास्त सयुक्तिक वाटतं. आता वाडग्याच्या खेळाचंच बघा, त्यात पीचच्या सहा आठळ्या एका बाजूने काळ्या करून वाडग्यात आपटतात, पण पीच तर युरोपियनांनी आणलेलं फळ, आणि 17व्या शतकात शेजारच्या ह्युरॉन लोकांत हाच खेळ प्लमच्या आठळ्यांनी चालायचा, म्हणजे खेळ जुना, आठळ्या तेवढ्या बदलल्या. विधींतले लाकडी मुखवटे पवित्र असतात, ते बाहेर दाखवू नयेत असं या लोकांचंच म्हणणं आहे, म्हणून त्यांचं वर्णन इथे दिलेलं नाही.

बाकीचे सण पिकांबरोबर येतात. वसंतात मेपलचा रस वर चढतो तेव्हा झाडांचे आभार, मग बियाण्यांचा विधी, जूनमध्ये स्ट्रॉबेरीचं सरबत. उन्हाळा सरताना कोवळ्या मक्याचा सण, यातही ते चार विधी होतात. शेवटी शरदात कापणी, मका, घेवडा आणि भोपळा या 'तीन बहिणी' घरात आल्यावर.