सुरयाच्या मागावर भूगोल : संच वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

संचात एक गोष्ट, बारा नोंदकार्डं, दिनमानाचा तक्ता आणि दोऱ्याचं रीळ आहे. पृथ्वीगोल मात्र तुमचा लागेल.

गोष्टीचा नायक आर्क्टिक टर्न, सुरयांच्या कुळातला जेमतेम १०० ग्रॅमचा पक्षी. ग्रीनलंडमध्ये पिल्लं वाढवतो आणि तिथला उन्हाळा सरला की दुसरा उन्हाळा गाठायला अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राकडे निघतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची वर्षभराची उड्डाणं सरासरी सुमारे ७१,००० किलोमीटर भरली. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर. भागाकार मुलांना करू द्या.

एक कळकळीची विनंती : गोष्ट वाचताना मार्ग आधी दाखवू नका. बाण काढून दिला की अक्षांश-रेखांश पाठांतराचे आकडे होऊन बसतात. पक्षी हरवलेला असला, तर मुलं तेच आकडे आपणहून मागतात.

नोंदकार्डं

अभ्यासकांनी टर्नच्या पायाला बांधलेलं यंत्र दीड ग्रॅमचंही नव्हतं आणि ते फक्त उजेडाची नोंद ठेवायचं. आमची कार्डं त्याच धर्तीवर आहेत. उदाहरणार्थ, १० ऑगस्ट : ग्रीनिचच्या घड्याळाने सूर्योदय सकाळी ७, सूर्यास्त रात्री ९. मध्यान्ह आली दुपारी २ वाजता, म्हणजे ग्रीनिचपेक्षा दोन तास उशिरा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून पक्षी ३० अंश पश्चिमेला. दिवस १४ तासांचा आणि महिना ऑगस्ट, तेव्हा उत्तर गोलार्ध. तक्ता सांगतो, ४० अंशांच्या आसपास. पृथ्वीगोलावर बोट टेकवलं की खाली भर अटलांटिक! दक्षिणेकडे जाताना टर्न खरोखरच या भागात काही आठवडे थांबून पोट भरून घेतात.

सप्टेंबरच्या विषुवदिनाचं कार्ड मुद्दाम घातलं आहे. त्या दिवशी सगळीकडेच दिवस साधारण १२ तासांचा, त्यामुळे रेखांश सापडतो, अक्षांश सापडत नाही. मुलं इथे अडतील. अडू द्या, उत्तर लगेच सांगू नका; आमच्या मते संचातलं सर्वांत मोलाचं कार्ड हेच.

दोरा

ग्रीनलंड ते वेडेल समुद्र दोरा सरळ ताणा. मग परतीची खरी वाट लावा : आधी आफ्रिकेच्या बाजूला, तिथून दक्षिण अमेरिकेकडे, पुन्हा उत्तर अटलांटिकमध्ये. वाट लांबली, तरी वारा पाठीशी राहतो. वाऱ्यांचा धडा इथेच घ्या. हे भिंतीवरच्या सपाट नकाशावर करू नका. मर्केटर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे.

लहान वर्गांना गोष्ट आणि दोरा पुरे. मोठ्यांना दोन तासिका लागतात. एकच हाताशी असेल तर कार्डं निम्मी करा, पण विषुवदिनाचं वगळू नका. हरवलेलं कार्ड आम्ही सुटंही पाठवतो.