पेंग्विनची पिसगळ : विणीआधी की विणीनंतर?

पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 ला तिथे पोचली. पुढे ध्रुवीय संशोधनाचे केंद्र गोव्यातच, वास्कोच्या हेडलँड सड्यावर, उभे राहिले. मोहिमांचा हा मोसम आणि तिथल्या पेंग्विनचा पिसे गाळण्याचा मोसम बराचसा एकच. बर्फावर हालचाल न करता उभा, पिंजलेल्या कापसासारखा दिसणारा पक्षी आजारी नसतो, तो पिसे बदलत असतो. त्याला हुसकले, तर जपून वापरायची चरबी फुकट जळते.

इतर बहुतेक पक्षी पिसे थोडी थोडी बदलतात, पेंग्विन सगळी एकदम. नवे पीस कातडीखालून वाढत जुन्याला बाहेर ढकलते. या दोन ते पाच आठवड्यांत पिसे पाणी अडवत नाहीत, म्हणून समुद्र बंद आणि जेवणही बंद. वजन 40 ते 50 टक्क्यांनी घटू शकते. आपल्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंत (पावसाळ्यापुरता साठा) भरतात, तशी ही बेगमी आधीच अंगावर चढवावी लागते. ती अपुरी पडली की चरबीनंतर स्नायू झिजतात आणि पिसे पुरी होण्याआधीच पक्षी मरू शकतो. पिल्ले भरवणे आणि पिसे गाळणे एकाच वेळी जमत नाही, ते यामुळेच.

‘विणीनंतरची पिसगळ’ हा शब्द सर्रास वापरला जातो. अॅडेली पेंग्विनला तो चपखल बसतो : ऑक्टोबरात आगमन, नोव्हेंबरात अंडी, फेब्रुवारीत पिल्ले समुद्रावर, मग पिसगळ. किंग पेंग्विनला तो लावला की घोळ होतो. अंडे उबवायला सुमारे 54 दिवस, पिल्लू वाढवायला दहा-अकरा महिने किंवा जास्त. म्हणजे एक वीण वर्षाहून लांब. त्यात हा पक्षी आधी पिसे गाळतो, पुन्हा समुद्रावर जाऊन वजन भरून काढतो आणि मगच अंडे घालतो. इथे पिसगळ मागच्या विणीचा शेवट नाही, पुढच्या विणीची पहिली पायरी आहे.

1950 च्या दशकात दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या निरीक्षणांतून किंग पेंग्विनसाठी ‘तीन वर्षांत दोन पिल्ले’ हा हिशेब मांडला गेला आणि तो पुस्तकांत रुळला. कागदावर तो बरोबर आहे. पण पिल्लू वाढवून उन्हाळ्यात मोकळी झालेली जोडी पिसे बदलून अंडे घालते, तोवर जानेवारी उलटलेला असतो. त्या अंड्यातले पिल्लू हिवाळ्यापूर्वी पुरेसे भरत नाही आणि बहुतेकदा उपासमारीने दगावते. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर खुणा केलेल्या पक्ष्यांच्या नोंदींतून हे नंतर उघड झाले. ‘दोन वर्षांत एक’ हाच आकडा प्रत्यक्षाला धरून आहे आणि लेखनात तोच वापरायला हवा.

एम्परर पेंग्विनची अडचण वेगळी आहे. हिवाळ्यात अंडी घातल्यामुळे पिल्ले डिसेंबरच्या सुमारास सुटी होतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत, बहुतेक समुद्री बर्फावरच, पिसगळ होते. नेमका तेव्हाच हा बर्फ वर्षातला सर्वांत कमी असतो. फेब्रुवारी 2022 मध्ये तो उपग्रह नोंदींत प्रथमच 20 लाख चौरस किलोमीटरच्या खाली गेला आणि 2023 मध्ये त्याहूनही घटला. 2022 च्या अखेरीस अंटार्क्टिकालगतच्या बेलिंग्सहाउसेन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींतली पिल्ले गेली. ती हानी उपग्रहचित्रांत दिसली. पिसे अर्धवट असताना पायाखालचा बर्फ सुटलेले प्रौढ पक्षी मात्र वसाहतीपासून दूर, विखुरलेले असतात. वसाहतींच्या चित्रांत त्यांची गणती होत नाही.