छाटणी (नाशिक परिसरातील बागांची)

छाटणी : वाढत्या झाडाचा शेंडा, फांदी किंवा काडी विचारपूर्वक कापण्याची क्रिया. तिने झाडाला आकार येतो हे सगळ्यांना दिसते. पण कात्री लागली की झाडातल्या संप्रेरकांची आणि साखरेची वाटणी बदलते, आणि फूट, फूल, फळ हे सारे त्या वाटणीवर ठरते. नाशिक जिल्ह्यात छाटणी म्हटले की आधी द्राक्षबागच डोळ्यांपुढे येते. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत बागायतदाराचे वर्ष एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांवर चालते. मात्र गंगापूर रोडवरच्या अंगणातला गुलाब, गच्चीवरच्या कुंडीतला मोगरा आणि पिंपळगाव बसवंतच्या मांडवावरची थॉमसन सीडलेस जातीची द्राक्षवेल यांची फूट एकाच नियमाने चालते.

शेंड्याचे वर्चस्व : प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी असते. बागेत तिला डोळा म्हणतात. शेंडा वाढत असेपर्यंत खालचे बहुतेक डोळे गप्प राहतात. शेंड्याच्या कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि डोळ्यांना रोखून धरते, हे केनेथ थिमान व फोल्के स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ साली बाकल्याच्या रोपांवर दाखवले. शेंडा कापला की बगलेतले डोळे फुटत. कापलेल्या टोकावर ऑक्झिन लावले की फुटत नसत.

चित्र पुढे गुंतागुंतीचे झाले. वरून येणारे ऑक्झिन डोळ्यात शिरतच नाही, ते दुरून काम करते. डोळ्याला फुटायला लावणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाची निर्मिती ते कमी करते. फुटवे दाबणारा स्ट्रायगोलॅक्टोन हा आणखी एक संप्रेरकगट २००८ मध्ये पुढे आला. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून दिसले, की शेंडा कापल्यावर ऑक्झिन घटल्याचा परिणाम खालच्या डोळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो डोळा हलू लागतो, कारण शेंडा ओढून घेत असलेली साखर त्याच्या वाट्याला येते. माळ्याला यातून एवढे कळले तरी पुरते : जिथे कापाल त्याच्या लगत खालचा डोळा सर्वांत जोरात फुटणार. म्हणून काप कुठे घ्यायचा हे ठरवण्याआधी तो डोळा कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे पाहावे.

द्राक्ष : थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून सुप्तावस्थेत जाते आणि छाटणी वर्षातून एकदा, त्याच काळात होते. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. निफाडचा पारा एखाद्या जानेवारीत ५ अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण ती लाट थोड्या दिवसांची असते आणि दुपारी ऊन असतेच. वेलीला पुरेशी थंडी मिळत नाही, तिची सुप्तावस्था पूर्ण होत नाही, आणि मग डोळे एकसारखे फुटत नाहीत. हवेने दिला नाही तो ऋतू इथे कात्रीने आणावा लागतो : छाटण्या दोन, पीक एक.

पहिली खरड छाटणी. माल उतरल्यावर वेलीला थोडी विश्रांती देऊन एप्रिलच्या सुमारास ओलांड्यावरच्या (मांडवावर आडव्या धरलेल्या जाड फांदीवरच्या) जुन्या काड्या एखादा डोळा राखून कापतात. या छाटणीने फळ मिळत नाही, मिळते ती पुढच्या हंगामाची काडी; म्हणून नवखा माणूस तिला दुय्यम समजतो. प्रत्यक्षात वर्षाचे पीक इथेच ठरते. नव्या काडीच्या डोळ्यांत साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात सूक्ष्म घडनिर्मिती होते. डोळ्यात तयार होणारा आद्यक (अवयवाचा पहिला अंकुर) सुरुवातीला तटस्थ असतो. सायटोकायनिनाचा जोर असेल तर त्याचा घड होतो, जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा असेल तर बाळी, म्हणजे वेलीचा आधार पकडणारा तंतू. भरपूर ऊन आणि ऊब घडाच्या बाजूने असतात. ढगाळ हवा, मांडवाखालची गर्द सावली आणि नत्राचा अतिरेक बाळीच्या बाजूने. छाटणी लांबली आणि हे दिवस पावसाळी ढगांत गेले, तर ऑक्टोबरात काड्या जोमदार दिसतात पण घड कमी निघतात. म्हणूनच या काळात वाढ आवरण्यासाठी सायकोसिल हे वाढरोधक फवारतात, काही पानांवर शेंडा मारून सबकेन (बगलेतून फुटलेली उपकाडी) तयार करतात आणि गर्दी करणारी फूट काढून मांडवाखाली उजेड खेळवतात.

दुसरी गोडी छाटणी, अर्थात फळछाटणी. ती बहुतेक बागांत सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्याआधी काड्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहतात आणि काप त्याच्या पुढे घेतात. अंदाजाने कापणे म्हणजे कधी कधी घडच कापून टाकणे. छाटणीआधी पानगळ करतात. छाटल्यावर राखलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्यामुळे डोळ्यातल्या कॅटलेज या विकराचे (एन्झाइमचे) काम मंदावते, पेशींवर ताण येतो आणि थंडीने जे झाले असते ते रसायनाने होते. फूट लवकर आणि एकसारखी निघते. हे द्रव्य विषारी आहे. ते हाताळण्याच्या दिवसांत, आधी किंवा नंतरही, दारू घेतल्यास अंगावर उलटते; ही सूचना डब्यावर असते, पण लावणाऱ्या मजुरापर्यंत ती प्रत्येक वेळी पोहोचत नाही. छाटणीच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या मोठ्या संख्येने येतात, आणि सिकेटर (छाटणीची कात्री) चालवणारा हात तयार असेल तर बाग लवकर उरकते.

छाटणीपासून काढणीपर्यंत जातीनुसार चारेक महिने लागतात. बागलाणात, सटाण्याकडे, हंगामापूर्वीच्या भावासाठी छाटणी पावसाळ्यातच उरकतात. वनस्पतीच्या दृष्टीने यात काही गैर नाही, वेल केव्हाही छाटली तरी फुटते. धोका बुरशीचा : कोवळी फूट आणि फुलोरा पावसात सापडला की डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो. अर्ली बाग हा भावाशी आणि ढगाशी एकाच वेळी खेळलेला जुगार आहे.

अंगणातील झाडे : इथे प्रश्न एकच असतो, फूल कोणत्या काडीवर येते. गुलाब, मोगरा, जास्वंद आणि बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, म्हणून त्यांना छाटणी मानवते. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात करावी. बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर, पाणी ओघळून जाईल असा तिरका काप घेतल्यास दीड-पावणेदोन महिन्यांत फुले येतात. पावसाच्या तोंडावर मोठी छाटणी टाळावी. कोवळ्या पानांवर काळ्या ठिपक्यांचा रोग पटकन बसतो. डोळा भरलेल्या (कलम बांधलेल्या) जोडाच्या खालून येणारा फुटवा रानटी खुंटाचा असतो, तो मुळापासून काढावा. पानात सात पर्णिका (छोटी पाने) दिसल्या की फुटवा रानटी, ही प्रचलित खूण फसवी आहे, कारण कलमी गुलाबांनाही सात पर्णिका येतात. जोड पाहणे हाच खात्रीचा मार्ग. मोगऱ्याचे पाणी थंडीच्या दिवसांत तोडून मग छाटणी करतात, म्हणजे उन्हाळ्यात बहर एकदम येतो.

शेवंतीचे घड्याळ वेगळे. दिवस लहान झाल्यावर ती कळीवर येते. जूनमध्ये नाशिकचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. तेव्हा शेंडे खुडून फांद्या वाढवायच्या त्या पावसाळ्यातच. उशिरा खुडल्यास कळ्याच हाती येतात. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. त्यामुळे हिवाळ्यात आंबा छाटणे म्हणजे मोहोर छाटणे. त्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच करावी.

जखम : झाडाची कापलेली जागा आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. जुन्या पेशी तशाच राहतात. झाड त्यांच्याभोवती रासायनिक भिंत घालते आणि कडेच्या ऊतिकरातून (नव्या पेशी घडवणाऱ्या थरातून) नवे लाकूड जखमेवर चढते. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कडा असते, तिथून हे काम सुरू होते. म्हणून मोठी फांदी खोडाला अगदी घासून कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. जाड कापांवर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावण्याचा प्रघात आहे. याच दोन द्रव्यांचे बोर्डो मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या डाऊनीसाठीच पुढे आले.

नारळ, सुपारी आणि शोभेच्या एकखोडी पामांना वाढीचा बिंदू एकच, तोही शेंड्यात, आणि खोडावर फुटायला राखीव डोळे नाहीत. त्यांचा शेंडा गेला की झाड गेले. त्यांच्या बाबतीत कोयता वाळलेल्या झावळ्यांपुरताच चालवावा.