एम-पेसा स्मार्टफोनमुळे पसरलं नाही

‘केनियातले लोक बँक ओलांडून थेट स्मार्टफोनवर गेले, म्हणून तिथला भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेतो’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ऐकायला झकास, पण तारखाच जुळत नाहीत. सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीने एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा मार्च २००७ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिला आयफोनही विक्रीला आला नव्हता. सगळा कारभार बटणांच्या साध्या फोनवर, सिममधल्या मेन्यूतून आणि एसएमएसने. इंटरनेट लागतच नव्हतं.

खरी गोम कोपऱ्यावरच्या एजंटात, म्हणजे या सेवेसाठी रोख घेणाऱ्या-देणाऱ्या दुकानदारात आहे. नैरोबीत गिऱ्हाईक रोख देतं, दुकानदार वहीत नोंद करून आपल्या खात्यातली तेवढी शिल्लक त्याच्या फोनवर टाकतो. गिऱ्हाईक ती गावी आईला पाठवतं आणि आई तिथल्या एजंटकडे पिन टाकून नोटा घेते. त्या एजंटचा गल्ला रिकामा असला तर मात्र तंत्रज्ञान गेलं खड्ड्यात, उद्या या! चाचणीच्या वेळी तर बेत होता छोट्या कर्जांचे हप्ते गोळा करायचा. एकमेकांना पैसे पाठवायला लागले ते लोकच.

दक्षिण आफ्रिकेत फोनची कमतरता नव्हती, तरी तिथे एम-पेसा २०१६ मध्ये गुंडाळावं लागलं. व्होडाफोनने ते २०१३ मध्ये आपल्याकडेही आणलं होतं. आठवतंय कुणाला?