प्लेन आणि कॉन्ट्रास्ट: एमआरआयचा दर विचारताना होणारी गल्लत

निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटरच्या आसपास, बेळगाव 75 च्या. त्यामुळं कुठली मोठी तपासणी निघाली की दोन्हीकडं फोन लावायचा आणि स्वस्त पडेल तिकडं गाडी वळवायची, ही आमच्याकडची जुनी सवय. साडीच्या खरेदीला ती चालते. एमआरआयला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामांची कंबर परत धरली. मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालेलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘एमआरआय एलएस स्पाइन (म्हणजे कंबरेचा मणका), पी प्लस सी’. मामेभावानं बेळगावातल्या एका सेंटरला विचारलं, "कंबरेच्या एमआरआयला किती?" उत्तर आलं 5,500. कोल्हापूरवाल्यानं आधी चिठ्ठी वाचायला लावली आणि मग 9,000 सांगितले. मामी म्हणाली, "साडेतीन हजार काय झाडाला लागल्यात?" गाडी बेळगावला.

काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी उलगडली. "हे कॉन्ट्रास्टचं आहे ओ काका. 7,500 होतात, इंजेक्शनचे 1,800 वेगळे. क्रिएटिनीनचा रिपोर्ट आणलाय काय?" आणला नव्हता. मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी ही रक्ताची तपासणी. रक्त दिलं, दीड तास बाकड्यावर बसलो. 9,300 भरले, रक्ताचे निराळेच. कोल्हापूरच्या 9,000 मध्ये इंजेक्शन धरलेलं होतं. म्हणजे ज्याला आम्ही महागडा म्हणून सोडला तोच स्वस्त होता. दोन गावांचे म्हणून जे दर आम्ही ताडून बघत होतो ते दोन वेगळ्या तपासण्यांचे होते.

‘पी’ म्हणजे प्लेन. चुंबक आणि रेडिओलहरींवर फोटो निघतात, अंगात काही टोचत नाहीत, बहुतेक वेळा अर्ध्या तासात माणूस बाहेर. ‘सी’ म्हणजे कॉन्ट्रास्ट. आधी हेच साधे फोटो घेतात, मग हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात आणि काही फोटो पुन्हा काढतात. औषधाचं माप वजनावर ठरतं. नेहमीच्या औषधाचं 60 किलोच्या माणसाला साधारण 12 मिली. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून आधी क्रिएटिनीन बघतात. पी प्लस सी मध्ये प्लेन आलंच, त्याचे पुन्हा वेगळे पैसे कुणी मागितले तर विचारायला लाजू नका.

मामांना सी कशाला, हे डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून दाखवलं. ऑपरेशनच्या जागी जुना व्रण भरून आलेला असतो. साध्या फोटोत तो आणि नव्यानं सरकलेली गादी सारखीच दिसू शकतात. व्रणात रक्तवाहिन्या असल्यामुळं औषध शिरतं आणि तो उजळतो. गादीचा तुकडा काळाच राहतो. गाठ किंवा जंतुसंसर्ग शोधतानाही असंच औषध कामी येतं. पण पहिल्यांदाच कंबर धरली, पायाला कळ जाते, किंवा गुडघ्याचा लिगामेंट तुटल्याची शंका आहे, तर बहुधा प्लेनवर भागतं. आमच्याकडं मात्र ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणजे भारीतली तपासणी असा समज आहे. होऊ दे खर्च म्हणून ती मागून घेणारेही पाहिलेत. कशाला?

सीटीलाही हीच दोन नावं, पण तिथलं औषध आयोडीनचं. आणि कोविडात घरोघरी पोचलेला छातीचा एचआरसीटी, नाव एवढं भारदस्त असून, प्लेनच असतो.

दरात बाकीही भानगडी असतात. मशीन दीड टेस्लाचं की तीनचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), फिल्म मिळणार की नुसती सीडी, रात्रीचा जादा आकार. त्यातली मणक्याच्या लोकांनी आवर्जून विचारावी अशी गोष्ट म्हणजे व्होल स्पाइन स्क्रीनिंग, म्हणजे मानेपासून खालपर्यंत सगळ्या मणक्यावरून फिरवलेली धावती नजर: कुठं ते त्याच पैशात उरकतात, कुठं बिलात वेगळी ओळ येते. आणखी एक, प्लेन बघून रेडिओलॉजिस्टनं तिथंच कॉन्ट्रास्ट सुचवलं तर फक्त फरक भरायचा की नव्यानं सगळं, हेही आधीच विचारावं.

कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी 2007 चा कायदा आहे, त्यात दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. बेळगावातही ते भिंतीवर होतं, कन्नड आणि इंग्रजीत. मामीनं नातीला पुढं करून वाचून घेतलं, पण पैसे भरल्यावर.

परवा शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी मामीनंच फोन लावला. चष्मा चढवला, चिठ्ठी उजेडात धरली. "प्लेन हाय बघा. सुई-बिई काय न्हाई. फिल्म धरून किती, तेवढं सांगा."